बाबांच्या नावाचा कागद

चिंगीने इंजिनिअरिंगची नोकरी सोडून वकिली धरली, तेव्हा तिच्या आत्याने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं की पोरीचं डोकं फिरलंय. "मशिनशी पटलं नाही, आता माणसांशी भांडणार म्हणे," असं आत्याचं म्हणणं. काका त्यावर म्हणाले, "म्हणजे ना धड इंजिनिअर, ना धड वकील." पेटंटची वकिली ही काय चीज आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणून गप्प बसतील तर ते आत्या आणि काका कसले!

तर आधी तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा घोळ व्हायला नको. एखाद्याने काही नवीन बनवलं, की ते त्याच्याच डोक्यातून निघालं असा सरकारी कागद त्याला मिळतो. त्यावर त्याचं नाव असतं, आणि ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणाला ती वस्तू त्याला विचारल्याशिवाय बनवता येत नाही. अट एकच. ती वस्तू खरोखर नवी हवी. जगात कुठेही, कुणीही, त्याआधी ती लिहून, छापून किंवा दाखवून ठेवलेली असली की संपलं. हा कागद मिळवून द्यायला मशीनही कळावं लागतं आणि कायदाही, म्हणून या धंद्यात इंजिनिअर झालेले वकील लागतात. चिंगी त्यातली. काळा कोट घातला की वकीलबाई आणि कोट काढून घरात शिरली की चिंगी, वय वर्षं एकतीस.

ती या वाटेला का गेली हे आत्याला कधी कळलं नाही. आई-बाबांना मात्र पक्कं माहीत होतं.

चिंगीचे बाबा पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात होते, झाकणं ठोकायच्या प्रेसवर. डाव्या हाताने पत्रा सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून ठोका यायचा, झाकण तयार. दिवसाला हजारो झाकणं. चिंगी आठ वर्षांची असताना एका दुपारी पत्रा अडकला, बाबांनी तो सोडवायला हात घातला, आणि पॅडलवरचा पाय घसरला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मधलं आणि करंगळीशेजारचं.

आता बोटं गेली ती गेली, माणूस त्याला काय करणार? पण खरा घाव नंतर बसला. कारखान्याच्या अपघात-वहीत मॅनेजरने बाबांचं नाव लिहिलं, आणि पुढे कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्या मॅनेजरला कधी पॅडलवर पाय ठेवायला लावला असता ना, तर पहिल्या तासात बोंबलत सुटला असता! अठरा वर्षं एकही झाकण वाकडं न काढलेल्या माणसाला त्याने एका ओळीत वेंधळा ठरवून टाकलं. बाबांनी त्या वहीवर सही केली, कारण सही केल्याशिवाय कामावर घेत नव्हते. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "माझं नाव आयुष्यात एकदाच कुठे लिहिलं गेलं, आणि ते असं." एवढंच म्हणाले, पण चिंगीने ते ऐकलं.

त्यानंतर बाबा कुठल्याशा भंगारवाल्याकडून एक जुनी, पायाने चालवायची छोटी प्रेस घेऊन आले आणि घराच्या मागच्या गॅलरीत बसवली. संध्याकाळी कामावरून आले की तिथे. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तिथे. आई वैतागून म्हणायची, "अहो, लग्न माझ्याशी झालंय की त्या प्रेसशी, ते एकदा सांगून टाका." बाबा हसायचे आणि कानस चालवत राहायचे. नऊ वर्षं चाललं हे. नऊ वर्षं, राव! इतक्या वर्षांत माणसं घर बांधतात, पोरांची लग्नं करतात. या माणसाने एक खिट्टी केली.

खिट्टी म्हणजे ठोक्याच्या तोंडाशी एक छोटी पत्र्याची पट्टी लोंबकळत असायची. पॅडल दाबलं की आधी ती पट्टी खाली यायची. खाली बोट असेल, तर पट्टी अलगद बोटावर टेकायची आणि तिथेच थांबायची. पट्टी पूर्ण खाली गेल्याशिवाय ठोका अडवून धरणारी खिट्टी सुटायची नाही, आणि खिट्टी सुटल्याशिवाय ठोका यायचाच नाही. वीज नको, बॅटरी नको, काही नको. कितीही जुन्या प्रेसला दोन बोल्टमध्ये बसायची. बाबांनी ती पहिल्यांदा चालवली तेव्हा खाली त्याच डाव्या हाताचा अंगठा धरला होता. आई किंचाळली. ठोका आला नाही. बाबांनी चिंगीकडे बघितलं, आणि चिंगीने सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखा आनंद होता.

बाबांनी खिट्टी कारखान्यात आणू का म्हणून विचारलं, तर तोच मॅनेजर न बघताच म्हणाला, "आमच्या मशिनवर प्रयोग नकोत." म्हणजे खिट्टी गॅलरीतच राहिली.

चिंगी इंजिनिअरिंगला गेली ती बाबांच्या हाताकडे बघूनच. शिकली चांगली, नोकरीही लागली, पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात. तिथे दुसऱ्या वर्षी एक वकीलबाई आल्या. कारखान्याच्या एका पंपाचं पेटंट घ्यायचं होतं, आणि पंपाच्या आत काय चालतं हे बाईंना कुणीच नीट सांगू शकत नव्हतं. चिंगीला बोलावलं. तिने टेबलावर डबा, पेन आणि रबरबँड मांडून दहा मिनिटांत सगळा पंप समजावला. बाई निघताना म्हणाल्या, "तू इथे रेघोट्या काय मारत बसलीयेस? कायदा शिक आणि माझ्याकडे ये."

त्या दिवशी चिंगी घरी आली ती उड्या मारतच. चपलासुद्धा न काढता गॅलरीत गेली. "बाबा, तुमच्या खिट्टीचा सरकारी कागद निघू शकतो. तुमच्या नावाचा. खाली शिक्का, वर तुमचं पूर्ण नाव, आणि पुढे लिहिलेलं, शोध लावणारा."

बाबांनी कानस खाली ठेवली. "शोध लावणारा? मी?"

"मग कोण, तो मॅनेजर? मी शिकते. तुमचा कागद मीच काढणार. पण तोवर खिट्टी कुणालाही दाखवायची नाही. एकालाही नाही. दाखवली की नवी राहत नाही."

"नाही दाखवणार," बाबा म्हणाले. आणि त्यांनी तो शब्द असा पाळला की विचारू नका. प्रेसवर जुन्या उशीचा अभ्रा घालून ठेवला. त्यांच्या कारखान्यातला जुना जोडीदार दोनदा येऊन गेला, म्हणाला, "अरे, बघू तर दे, माझा पोरगा आता त्याच प्रेसवर लागलाय." बाबांनी त्याला चहा पाजला, कारखान्याच्या गप्पा मारल्या, पण अभ्रा उचलला नाही. "थोडं थांब, कागद होऊ दे," म्हणाले. जोडीदाराला ते लागलं. तो परत आला नाही. तीस वर्षांची दोस्ती बाबांनी चिंगीच्या एका शब्दावर घालवली आणि वर तिला कधी ऐकवलंही नाही.

चिंगीने नोकरी सांभाळून सकाळचं कायद्याचं कॉलेज केलं. कलमं पाठ होईनात. मशीनमध्ये एक भाग हलला की दुसरा हलतो, कायद्यात एक भाग हलला की तिसरंच काहीतरी पडतं, असं ती रडकुंडीला येऊन म्हणायची. पण रेटलं. मग पेटंटची वेगळी परीक्षा. पहिल्या वेळी नापास, दुसऱ्या वेळी पास. आणि मग त्या बाईंच्या ऑफिसात. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. तीन खोल्या, भिंतभर फायली, खिडकीत एक कायम सुकलेलं झाड, आणि मोठ्या बाईंची एकच शिकवण. "अर्ज लिहिण्याआधी शत्रूच्या वकिलासारखं शोधायचं. आपल्या अशिलाची वस्तू जुनी आहे हे सिद्ध करायला आपल्यालाच नेमलंय असं समजायचं. तरीही सापडलं नाही, तरच लिहायला बसायचं."

या शोधण्यात चिंगीचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्या तरी बंद पडलेल्या मासिकातली आकृती, कुठल्या तरी प्रदर्शनाचं पत्रक, परक्या भाषेतला जुना अर्ज, बरोबर काढायची. ऑफिसात तिला चाळणी म्हणायचे. अशिलं तिच्या टेबलासमोर बसली की त्यांची पाचावर धारण बसायची. एका घड्याळवाल्याचं तर तिने पाच मिनिटांत वाटोळं केलं होतं. त्याने म्हणे आपली रचना वर्षभरापूर्वी एका व्याख्यानात हौसेने फळ्यावर काढून दाखवली होती. "माणसं पण ना, स्वतःच स्वतःचा गळा कापतात," असं त्या दिवशी ती घरी येऊन बाबांना सांगत होती. बाबाही मान हलवत म्हणाले, "काय हा वेंधळेपणा."

शेवटी बाबांची पाळी आली. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, वर म्हणाल्या, "वडील म्हणून सूट नाही हं. चाळणी तशीच लागली पाहिजे." चिंगीने तीन आठवडे शोधलं. प्रेसवर बोटं वाचवायच्या युक्त्या शेकड्यांनी सापडल्या. विजेवरच्या, हवेवरच्या, दोन हातांनी दाबायच्या. पण आधी अलगद टेकणारी पट्टी आणि तिच्यात अडकलेली खिट्टी, असं कुठेच नव्हतं. जगात कुठेही नाही! चिंगीने ऑफिसातून बाबांना फोन केला आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं डोकं कुणाचंच चाललं नाही." पलीकडून आईनेच फोन घेतला, "अगं, काय सांगितलंस त्यांना? नुसते उभे होते फोन धरून."

अर्ज लिहून झाला. आकृत्या चिंगीने स्वतः काढल्या. मोठ्या बाईंनी वाचून एक शब्दही बदलला नाही, जे त्या ऑफिसात कधी झालं नव्हतं. फक्त म्हणाल्या, "प्रश्नावली कुठे आहे?"

प्रश्नावली म्हणजे अकरा प्रश्नांचा कागद. प्रत्येक अशिलाला समोर बसवून विचारायचा आणि खाली त्याची सही घ्यायची. चिंगी म्हणाली, "बाई, बाबांचं सगळं मला माहीतच आहे." बाई म्हणाल्या, "मग विचारायला पाच मिनिटं लागतील. बोलाव."

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केसांना पाणी लावून विंचरलेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. चिंगीला हसू आवरेना. तिने मुद्दाम आवाज जड केला. "आपलं पूर्ण नाव?"

बाबांनी पूर्ण नाव सांगितलं, प्रत्येक अक्षर सुटं करून.

पहिला झाला, दुसरा झाला. कल्पना कुणाची? माझी. कुणी मदत केली? कुणी नाही, बायकोने शिव्या घातल्या तेवढ्याच. चिंगी हसत खुणा करत गेली. सातवा प्रश्न तिने न बघताच म्हटला, इतका तो तोंडात बसलेला होता. "ही वस्तू आजवर कुणाला दाखवली, दिली, विकली, किंवा तिच्याबद्दल कुठे लिहून अथवा छापून आलं आहे का?"

"छे! दाखवली नाही. विकली नाही. छापायचा तर प्रश्नच नाही. जोडीदार तुटला, पण दाखवली नाही." बाबा अभिमानाने बोलत होते. "फक्त तुला दिली होती ती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पण तू काय, घरचीच."

चिंगीचं पेन थांबलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी चाळणी, जगाच्या कानाकोपऱ्यातलं शोधून काढणारी, आणि हिला एवढंही आठवलं नव्हतं? नव्हतं आठवलं! कसं आठवणार? माणूस चष्मा घालून सगळ्या घरात चष्मा शोधतो की नाही? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिच्या प्रोजेक्टचं वाटोळं झालं होतं. जमवलेला छोटा पंप परीक्षेच्या महिनाभर आधी जळून गेला, आणि ती अंथरुणात तोंड खुपसून रडत पडली. तेव्हा बाबा येऊन म्हणाले, "एवढंच ना? माझी खिट्टी घे. लिही तिच्यावर." तिने लिहिलं. चौसष्ट पानांचं प्रोजेक्टचं पुस्तक, अकरा आकृत्या, प्रत्येक माप. वर्गात पहिला नंबर आला, आणि नियमाप्रमाणे एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत जमा झाली. त्यानंतर ते पुस्तक तिच्या लेखी मार्कांपुरतं होतं. मार्क मिळाले, ते संपलं. कायदा तर ती त्यानंतर शिकली. दुसऱ्यांची पुस्तकं धुंडाळताना स्वतःचं एक पुस्तक जगात आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा. आठवा प्रश्न," चिंगी म्हणाली. सातव्यापुढची जागा तिने कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या लायब्ररीत गेली. मनात देवाची आळवणी चालली होती की नसू दे, हरवलेलं असू दे, वाळवी लागलेली असू दे. कसलं काय! मागच्या खोलीत, खालून दुसऱ्या कप्प्यात, काळ्या रेक्झिनची पाठ आणि सोनेरी अक्षरं. तिने ते ओढून काढलं. आत लायब्ररीचा शिक्का, दाखल केल्याची तारीख, नऊ वर्षांपूर्वीची. मागे पुस्तक कुणी नेलं त्याची नोंद करायची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती पूर्ण कोरी. नऊ वर्षांत एकाही माणसाने ते पुस्तक नेलं नव्हतं.

पण कायद्याला त्याचं काय! कुणी वाचलं का, हे कायदा विचारत नाही. कुणाला वाचता आलं असतं का, एवढंच विचारतो. पुस्तक कप्प्यात लागलं त्या दिवशी खिट्टी जगाची झाली होती. पुढे तिने बाबांना अभ्रा घालायला लावला, जोडीदार तोडायला लावला, तो सगळा खटाटोप नंतरचा. आणि वर, त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव होतं ते तिचं. 'रचना आणि लेखन' असं लिहून खाली एकटीचं.

लायब्ररीतल्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे जुने प्रोजेक्ट का? पुढच्या महिन्यात सगळे रद्दीत काढायचेत. तुमचंच आहे वाटतं? घेऊन जा की, तेवढीच जागा होईल."

चिंगीने ते पिशवीत घातलं. चार दिवस ते पुस्तक तिच्या पिशवीत राहिलं. कुणालाही ठाऊक नव्हतं. चिठ्ठी कोरी होती, पुस्तक तिच्याकडे होतं. तारीख काही पुसली जाणार नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? पण तारीख बघायला येणार होतं कोण? पाचव्या दिवशी तिने ते मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी पानं चाळली, तारीख बघितली, आणि चष्मा काढून डोळे चोळले. "तू मला हे दाखवलं नसतंस, तर मी अर्ज पाठवला असता," त्या म्हणाल्या. "आता दाखवलंस. वडिलांना मी सांगू का?"

"नको. मी सांगते."

सुट्टीची सकाळ होती. बाबा गॅलरीत स्टुलावर बसून प्रेसला तेल देत होते. आई आत कपड्यांच्या घड्या करत होती. चिंगीने दुसरं स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. एका दमात, जसं ती इतर अशिलांना सांगायची तसं. आणि सांगताना तिला स्वतःचा तो कोरडा आवाज असह्य झाला.

बाबांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "म्हणजे कुणी चोरलं नाही. आपलंच पुस्तक."

"हो."

"कुणी वाचलंय ते?"

"लायब्ररीतून एकानेही नेलं नाही."

"मग झालं तर! तू नाही सांगितलंस तर कुणाला कळणार?"

"बाबा!"

"नाही, नुसतं विचारतो." ते हात पुसत राहिले. जन्मात कुणाची काडी न उचललेला माणूस तो. आपण काय विचारतोय हे त्यांना चांगलं कळत होतं, कान लाल झाले होते त्यांचे. "कधीतरी कळेलच का?"

"खिट्टी बाजारात आली आणि एखाद्या कंपनीला ती आपल्याला न विचारता बनवायची झाली, की त्यांचा वकील शोधायला बसेल. माझ्यासारखाच असेल कुणीतरी. कॉलेजच्या रजिस्टरात नोंद आहे, माझ्या वर्गातल्या साठ जणांना माहीत आहे."

"किती दिवसांत सापडेल?"

"वर्षात सापडेल, पाच वर्षांनी सापडेल. काय सांगू?"

"पण तोवर कागद राहील ना घरात?" बाबा म्हणाले. "मला दोन वर्षंसुद्धा पुष्कळ झाली गं."

या माणसाने आजवर तिच्याकडे एक वस्तू मागितली नव्हती. परीक्षेत नापास झाली तेव्हा काही म्हणाला नव्हता, लग्नाचं लांबवलं तेव्हा काही म्हणाला नव्हता. पहिल्यांदा काहीतरी मागत होता, आणि ते खोटं होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मला माहिती असलेलं सगळं सांगितलंय, असं लिहून सही करावी लागते. ती खोटी सही मी नाही करू शकत. आणि उद्या ते उघडं पडलं, तर भर कचेरीत तुम्हाला चोर म्हणतील. म्हणतील, पोरीचं पुस्तक बापाने उचललं. त्या पुस्तकात तुमचं नाव नाही ना कुठे."

"बरं," बाबा म्हणाले. "बरोबर आहे तुझं." रागावले असते, ओरडले असते, तरी चाललं असतं. नुसतं बरं म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. "बघू ते पुस्तक."

चिंगीने दिलं. नऊ वर्षांत त्यांनी ते आतून कधी बघितलं नव्हतं. चिंगीने घरची प्रत मैत्रिणीला दिली होती, ती परत आलीच नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. बाबा एकेक पान उलटत होते. आकृत्यांपाशी थांबले, म्हणाले, "छान काढलीस." खरंच छान वाटलं होतं त्यांना, वरवरचं नव्हतं ते. मग पुढचं पान. आभाराचं पान होतं ते. ओठ हलवत वाचायची त्यांची सवय होती. प्राचार्यांचे आभार, मार्गदर्शक सरांचे आभार, वर्कशॉपमधल्या दोघांचे आभार. आई-वडिलांच्या आशीर्वादाबद्दल एक ओळ.

"हे शेवटचे कोण?" त्यांनी विचारलं.

चिंगीने वाकून बघितलं. "कॉलेजच्या दारात टायपिंगचं दुकान होतं, ते."

"त्यांचं पूर्ण नाव घातलंयस."

"हो." चिंगी घाईघाईने म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, माझं नाव नको घालूस म्हणून? परीक्षक म्हणतील, बापाने करून दिलं, मार्क कापतील. तुम्हीच म्हणाला होतात."

आतून आईचा आवाज आला, "अहो, जाऊ द्या ना आता. पोर लहान होती तेव्हा."

"मी कुठे काय म्हणतोय," बाबा म्हणाले. "म्हणालो होतो खरं. मीच म्हणालो होतो, तुझं काही चुकलं नाही." त्यांनी पुस्तक मिटलं, काळ्या रेक्झिनवर तेलाचा डाग पडला होता तो शर्टाच्या टोकाने पुसला आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "पण एकदाच म्हणालो होतो गं. मला वाटलं, तू म्हणशील, नाही बाबा, घालणारच. मग मी परत एकदा नको म्हणालो असतो, आणि तू तरी घातलं असतंस. तू लगेच बरं म्हणालीस."

ते उठून आत गेले. चिंगी स्टुलावर बसून हमसाहमशी रडत राहिली. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. ती लगेच बरं म्हणाली होती, कारण आपला बाप प्रेसवर झाकणं ठोकतो हे तिलाच त्या पानावर नको होतं.